काळाची आच

तांब्याची एक पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडली की तरंगत राहते. भोकातून पाणी वर चढतं, वाटी जड होत जाते आणि 24 मिनिटांनी डुबकन तळाला जाते. हे घटिकापात्र. एक घटका भरली. मग वाटी काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ती 60 वेळा बुडते. लग्नाच्या मुहूर्तासाठी पूर्वी याच वाटीवर डोळा ठेवून बसत. भोकात कचरा अडकला तर वाटी उशिरा बुडायची, म्हणून पाणी गाळून घ्यायचं आणि घंगाळ वाऱ्यापासून आडोशाला ठेवायचं.

घड्याळात वेळ सरतो, या वाटीत तो साचतो. मंत्रसाधनेतला काळ या दुसऱ्या जातीचा आहे. हे लक्षात आलं नाही की सगळी साधना मुहूर्ताच्या शोधात अडकते. आज कोणी अनुष्ठानाला बसायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो 'कधी बसू?' आणि अमृतयोग, पुष्य नक्षत्र, गुरुवार यांची यादी तयार होते. 'किती वेळ बसू?' हे मात्र फार कमी जण विचारतात, आणि खरा मामला तिथेच आहे. मुहूर्त म्हणजे चूल पेटवायची वेळ. तेवढ्यावर भात होत नाही.

तरी चूल वेळेवर पेटवायचीच तर ती नीट पेटवावी. ब्राह्ममुहूर्ताचंच घ्या. 'पहाटे चारला उठा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बहुतेक दिवशी चुकीचा असतो. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत रात्रीचे 15 मुहूर्त, त्यातला चौदावा हा ब्राह्ममुहूर्त. रात्र 12 तासांची असेल तर एक मुहूर्त 48 मिनिटांचा, म्हणजे सूर्योदयाआधी 96 मिनिटांनी सुरू होऊन 48 मिनिटं आधी संपणारा. पण रात्र रोज 12 तासांची नसते. पुण्यात डिसेंबरअखेर रात्र सुमारे 13 तासांची, म्हणून मुहूर्त 52 मिनिटांचा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा ब्राह्ममुहूर्त साधारण सव्वापाच ते सहा-आठ. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्र पावणेअकरा तासांची, मुहूर्त 43 मिनिटांचा, सूर्योदय सहाच्या सुमारास. म्हणजे साधारण साडेचार ते सव्वापाच. चारचा गजर लावून बसणारा हिवाळ्यात सव्वा तास आधीच बसलेला असतो आणि मग साडेपाचला, खऱ्या वेळी, त्याला डुलकी लागते. लंडनला स्थायिक झालेल्यांची गंमत आणखी. तिथे जूनमध्ये रात्र जेमतेम सात तास वीस-बावीस मिनिटांची, त्यामुळे मुहूर्त अर्ध्या तासाचाही भरत नाही आणि तो पावणेचारच्या आसपासच येतो. पुण्याच्या पंचांगावरून वेळ काढून पाठवणारे नातेवाईक इकडे आणि त्या वेळेला दात घासणारे तिकडे, असा प्रकार होतो.

गावागावातही फरक आहेच. मुंबई आणि नागपूर यांच्यात रेखांशाचं अंतर सव्वासहा अंशांचं. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने 25 मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक घटका. मुंबईच्या दिनदर्शिकेतली वेळ नागपुरात वापरली की अर्धा मुहूर्त हातचा गेला.

होऱ्यांचंही तेच. होरा म्हणजे दिवसरात्रीच्या 24 भागांपैकी एक, आणि प्रत्येक भाग एकेका ग्रहाचा. शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र हा क्रम गोल फिरतो आणि ज्या वाराचा जो ग्रह त्याचा होरा सूर्योदयाला सुरू होतो. 24 होरे संपल्यावर पंचविसावा ज्याचा, तो दुसऱ्या दिवसाचा वार. रविवारी रवीपासून मोजत गेलं की पंचविसावा चंद्राचा येतो, म्हणून पुढे सोमवार. ग्रीकांपासून युरोपातल्या जादूच्या पोथ्यांपर्यंत हाच क्रम सापडतो. 'होरा' हा शब्दही तिकडचाच मानतात. मतभेद लांबीबद्दल आहे. आपल्याकडची बरीच पंचांगं होरा सरसकट एक तासाचा धरतात, जुनी युरोपीय रीत दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे, बारा भाग करते. जूनमध्ये पुण्यात असा भाग 66 मिनिटांचा पडतो, तेव्हा माध्यान्हीपर्यंत दोन्ही हिशेबांत 36 मिनिटांची तफावत येते. कोणतीही एक रीत धरा. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी धरू नका.

संकल्प हा यातला सगळ्यात घाईत उरकला जाणारा भाग. आचमन झालं, हातात पाणी घेतलं, गुरुजी भराभरा म्हणतात आणि यजमान 'मम' म्हणून पाणी सोडतो. ते शब्द नीट ऐकले तर कळतं की ही उतरंड आहे. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचक्र, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण, शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. अब्जावधी वर्षांपासून निघून माणूस आजच्या सकाळवर येऊन ठेपतो. त्याच दमात देशही येतो: दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. आणि मग आपलं गोत्र, नाव, किती संख्या, किती दिवस. हे शेवटचं फार महत्त्वाचं. संकल्पात संख्या आणि दिवस बोलले गेले नाहीत तर अनुष्ठानाला काठच उरत नाही; भोक असलेली पण बूड नसलेली वाटी. 'जमेल तेवढा जप करीन' हा संकल्प होत नाही. तो नित्यजप, आणि तो चांगलाच, पण वेगळा.

आता मुख्य हिशेब. पुरश्चरणाचा, म्हणजे एखादा मंत्र ठरलेल्या संख्येने पुरा जपण्याचा, सर्वसाधारण दंडक असा की मंत्राची जेवढी अक्षरं तेवढे लाख जप. शिवाच्या पंचाक्षरीला 5 लाख, देवीच्या नवार्णाला 9 लाख, गायत्रीला 24 लाख. प्रणव (ॐ) आणि व्याहृतींसकट (भूर्भुवः स्वः) गायत्री, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा उपांशु आवाजात, घाई न करता म्हटली तर सहा सेकंद लागतात. 108 मण्यांच्या माळेला जवळजवळ 11 मिनिटं. मोजताना माळ शंभराचीच धरायची. वरचे आठ चुकलेल्या, अर्धवट राहिलेल्या, जांभईत गेलेल्या मंत्रांचे. म्हणजे 24,000 माळा, 4,320 तास. रोज तीन तास बसलं तर 1,440 दिवस. चार वर्षं.

हा आकडा ऐकून लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर सोडून देतात, नाहीतर वेग वाढवतात. वेग वाढवणं हाच साधनेतला सगळ्यात मोठा घोटाळा. सहा सेकंदांचा मंत्र चारवर आणला की 'धियो यो नः' मधला 'यो' गळतो, 'वरेण्यं' चं 'वरेणं' होतं आणि चार वर्षांचं काम अडीच वर्षांत 'पूर्ण' होतं. संख्या भरते, घटका भरत नाही. संख्या हे मुळात काळ मोजायचं माप. शास्त्रकारांनी 'चार वर्षं बसा' असं म्हटलं असतं तर माणूस चार वर्षं नुसता बसून राहिला असता. संख्या दिली म्हणून त्या चार वर्षांतला प्रत्येक क्षण कामाला लागला. मापालाच माल समजलं की भेसळ सुरू होते.

नाशिकजवळ टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षांत तेरा अक्षरी राममंत्राचा 13 कोटी जप केला असं परंपरा सांगते. बोटांवर करून पाहावा असा हिशेब आहे. बारा वर्षांचे 4,380 दिवस, म्हणजे दिवसाला साधारण 29,700. एका मंत्राला एकच सेकंद धरला तरी सव्वाआठ तास, रोज, बारा वर्षं, एकही सुट्टी नाही. अक्षराला लाख या मापाने 13 लाख पुरले असते. इथे कोटी आहेत. त्या आकड्यापुढे आपले 27 माळांचे बेत काढून ठेवले की जरा नम्र व्हायला होतं.

27 माळा हा आकडा लघु अनुष्ठानाचा. नऊ दिवसांत 24,000 जप: 240 माळा भागिले नऊ, रोज 27. म्हणजे पाच तासांना आठ मिनिटं कमी. नोकरी करणाऱ्याला हे पहाटे तीन आणि रात्री दोन असं बसवावं लागतं. 'नवरात्रात करून टाकू' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक दीड तास असतो. चाळीस दिवसांत सव्वा लाखाचा बेत असेल तर रोज 32 माळा, पावणेसहा तास. हे चाळीस सलग दिवसांचं माप कोणाच्या अंगाचं घेतलं आहे हेही दिसतंच. ज्या घरात महिन्याचे चार दिवस पाळले जातात तिथल्या बाईला ते एका दमात पुरं होऊच शकत नाही. तिने नऊ किंवा अकरा दिवसांचे तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा संकल्प सोडावा. अधांतरी लोंबकळणाऱ्या चाळीस दिवसांपेक्षा ते बरं.

एक नियम कडक आहे: पहिल्या दिवशी जेवढी संख्या केली तेवढीच रोज. कमी नाही हे समजतं, जास्तही नाही हे लोकांच्या पचनी पडत नाही. उत्साहाच्या भरात तिसऱ्या दिवशी 40 माळा होतात, चौथ्या दिवशी गुडघा धरतो, आवाज बसतो, पाचव्या दिवशी 15 वर येतो. मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्याखाली मध्येच जाळ वाढवला की तळाला लागतं आणि वरचं कच्चं राहतं. यक्षाने युधिष्ठिराला 'वार्ता काय?' विचारलं तेव्हा त्याने हेच स्वयंपाकघर दाखवलं होतं: मोहाची कढई, सूर्याचा विस्तव, दिवसरात्रीचं सरपण, महिने आणि ऋतू ही पळी, आणि काळ भूतमात्रांना शिजवतो आहे. साधक वेगळं काय करतो? त्या कढईत तो आपणहून, मोजून-मापून उतरतो, एवढंच.

सप्ताहाचं पारायण करणाऱ्यांना समान वाटणीचा हा नियम लागू नाही. गुरुचरित्राचे सात दिवस 9, 21, 29, 35, 38, 43 आणि मग शेवट, अशा थांब्यांवर पडतात. पाचव्या दिवशी फक्त तीन अध्याय. पण त्यातला छत्तिसावा आचारधर्माचा, लांबच लांब. अध्याय मोजून 'आज लवकर सुटू' म्हणणारा त्याच दिवशी आसनावरून हमखास उशिरा उठतो.

माळ धरण्याचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात: तर्जनी लावायची नाही, माळेच्या टोकाचा मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. माळा किती झाल्या हे मोजताना मात्र गोंधळ उडतो. तांदूळ, धान्य, फुलं किंवा बोटांची पेरं यांवर ही मोजणी करू नये असं ग्रंथ सांगतात; लाखेच्या किंवा शेणाच्या गोळ्या करून ठेवायला सांगतात. कारण धार्मिक असेल, पण चार दिवस देवघरात तांदळाचे दाणे मांडून ठेवले की मुंग्यांनी किती माळा नेल्या याचा हिशेब कोण देणार, हेही आहेच. वहीत रेघा मारणं सगळ्यात सोपं. पाचवी रेघ आडवी. मोबाइलवरचा काउंटर चालतो, पण बोट लावलं की वरून निरोप उतरतो आणि पुढच्या तीन मंत्रांत त्याचं उत्तर तयार होत राहतं.

जप संपला की दशांश होम, त्याच्या दशांश तर्पण (पाणी सोडणं), त्याच्या दशांश मार्जन (पाणी शिंपडणं), त्याच्या दशांश भोजन. 24,000 ला 2,400 आहुती, 240 तर्पणं, 24 मार्जनं आणि जेवायला दोनच्या वर, म्हणजे तीन ब्राह्मण. 2,400 आहुती एकट्याने दिल्या तर दहा सेकंदांना एक या वेगाने सहा तास चाळीस मिनिटं. प्रत्येक आहुतीला नुसतं दोन मिली तूप धरलं तरी पावणेपाच लिटर. तीन-चार जण बसवून वाटून घेतात ते यासाठी. सदनिकेत, धुराचा गजर असलेल्या खोलीत, हे शक्य नाही. तिथे होमाच्या संख्येच्या दुप्पट जपाची सोय शास्त्रातच आहे. 4,800 जप, आणखी 48 माळा, जवळजवळ दोन दिवसांचं काम. होम टाळून वेळ वाचत नाही.

काळ चुकला तर? परंपरा इथे समजूतदार आहे, फुकटची मात्र नाही. संध्येची वेळ टळली की तीन अर्घ्यांऐवजी चार द्यायची. चौथं अर्घ्य उशिराचा दंड. दंड एक ओंजळ पाणी. रक्कम क्षुल्लक, पण ती भरताना 'मला उशीर झाला' हे उभं राहून कबूल करावं लागतं. सुतकाबद्दलही नियम स्पष्ट आहे: सुरू झालेल्या जपाला सुतक बाधत नाही, सुरू न झालेल्याला बाधतं. संकल्पाचं पाणी सुटलं की घड्याळ चालू झालं.

या सगळ्या चार वर्षांना एक आडवाट आहे: ग्रहण. स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, अखंड जप केला की पुरश्चरण झालं, संख्या कितीही भरो. 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास चंद्रग्रहण रात्री 9:57 ला लागलं आणि 1:26 ला सुटलं. साडेतीन तास, सहा सेकंदांच्या हिशेबाने सव्वा एकोणीस माळा. 24,000 माळांच्या जागी 19! इथे संख्या आपोआप बाजूला पडते आणि काळ उघडा होतो: एका आकाशस्थ घटनेची सुरुवात, मध्य, शेवट आणि त्या पूर्ण लांबीभर न उठणारा माणूस. म्हणून यात अट एकच, पण जीवघेणी. मध्येच उठायचं नाही. लोक बसतात ते जेवून, पाणी पिऊन, आणि दीड तासाने पाय बधीर किंवा लघवीची कळ. चंद्रग्रहणाला तीन प्रहर आधी, म्हणजे नऊ तास आधी वेध लागतात आणि सूर्यग्रहणाला चार प्रहर, ते पाळले तर हा प्रश्न निम्मा सुटतो. आसन घोंगडीचं, दुहेरी. खाली गादी नको, झोप येते. छायाकल्प ग्रहणाला, म्हणजे चंद्र नुसता मंद होतो त्या ग्रहणाला, वेधही नाहीत आणि हा नियमही नाही, त्याच्या बातम्यांना भुलू नये.

ग्रस्तोदित ग्रहणात, म्हणजे चंद्र ग्रासलेलाच उगवतो तेव्हा, पुण्यकाळ चंद्रोदयापासून धरतात. 3 मार्च 2026 च्या ग्रहणाचा मोक्ष संध्याकाळी 6:47 चा. चंद्रोदय त्या दिवशी सूर्यास्ताच्याच सुमाराला, त्यामुळे नागपूरकराला साधारण 25 मिनिटांचा पुण्यकाळ आणि मुंबईकराला जेमतेम दोन-चार मिनिटं. तीच ती घटकाभराची तफावत. ग्रहण एकच, वाटी वेगवेगळी भरते.

काळाला काम करताना डोळ्यांनी पाहायचं असेल तर घटस्थापनेकडे बघावं. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती, त्यात शेणखत चाळून, मध्ये मातीचा घट आणि भोवती गहू किंवा सप्तधान्य. गहू आदल्या रात्री भिजवून घ्यावा, पेर बोटभर खोल. तीळ मात्र वरच्यावर भुरभुरायचा, खोल गेला तर येत नाही. बहुतेक ठिकाणी चुकतं ते घटाच्या निवडीत. घट मातीचा का, तर तो पाझरतो. त्याच्या अंगातून झिरपणारं पाणी भोवतालच्या मातीला रात्रंदिवस ओल पुरवतं. वरून फारसं घालावं लागत नाही. घाईत तांब्या-पितळेचा कलश ठेवला की पाझर बंद, तिसऱ्या दिवशी माती भेगाळते, मग घाबरून तांब्याभर पाणी ओतलं जातं आणि पाचव्या दिवशी पांढरी बुरशी. जुना माठही नको. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. घट नवा घ्यावा, एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावा, आणि तो बाहेरून ओला दिसतो की नाही ते सकाळी हात लावून पाहावं.

अंधाऱ्या देवघरात कोंब लवकर वाढतात, वीतभर होतात, पण पिवळे. उजेडात ते बुटके आणि हिरवे येतात. उंचीवरून 'यंदा देवी पावली' म्हणणाऱ्यांनी खिडकी कुठे आहे ते आधी बघावं. अखंड दिव्याचंही असंच एक साधं तंत्र आहे: वातीवर काजळी धरली की ज्योत कापरी होते, म्हणून ती झाडावी लागते, पण झाडण्याआधी त्याच ज्योतीवर शेजारी दुसरी निरांजन पेटवून घ्यायची. अखंड राहते ती ज्योत. वात रोज बदलली तरी चालते.

नवरात्र नऊच दिवसांचं असतं असंही नाही. तिथी म्हणजे चंद्रसूर्यातलं 12 अंशांचं अंतर, आणि चंद्र कधी झपझप चालतो कधी रेंगाळतो, म्हणून तिथी कधी 20 तासांत आटपते, कधी 26 लागतात. 2025 मध्ये घट 22 सप्टेंबरला बसले आणि दसरा आला 2 ऑक्टोबरला, मध्ये दहा दिवस. नऊ दिवसांच्या हिशेबाने रोज 27 माळा धरून बसलेल्यांना दहावा दिवस मोकळा मिळाला. त्यांनी 24 प्रमाणे दहा दिवस करायला हवं होतं, बरोबर 240. पंचांग आधी उघडलं असतं तर दिसलं असतं.

घटावर रोज एक माळ चढते. कारळ्याची पिवळी फुलं, तिळाची, झेंडूची, ज्या गावात जी मिळतील ती. आदल्या दिवसाची काढायची नाही. नवमीला घटावर पहिल्या दिवसाची माळ असते, वाळून तपकिरी झालेली, फुलं दोऱ्याला नुसती चिकटलेली. तिच्या शेजारी दुसरी, जरा पिवळट. मग कोमेजलेल्या, मग सुकायला लागलेल्या, आणि शेवटी सकाळचीच, देठाला अजून पाणी असलेली. खाली मातीत गव्हाचे कोंब, ज्यांतले थोडे उद्या उपटून टोपीत खोचायचे आहेत.